घराची पॉलिसी आणि लायबिलिटी: यातले शब्द नेमके कसे वाचायचे?

पागोळी

डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर ६५० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट आहे, गृहकर्ज चालू आहे. शिवाय श्रीवर्धनजवळ चिऱ्याचं कौलारू घर, वर्षातले आठ-नऊ महिने बंद. दोन्हींचा विमा उतरवायचा आहे. कोटेशनं मागवली तर एकाने फ्लॅटची रक्कम १६ लाख धरली, दुसऱ्याने ८० लाख. घर एकच, मग एवढा फरक कसा?

पॉलिसीचा मजकूर वाचायला घेतला आणि अडखळले. खालच्या गोष्टी कुणी नीट समजावून सांगेल का?

१. सम इन्शुअर्ड, मार्केट व्हॅल्यू, रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यू
२. अंडरइन्शुरन्स आणि 'अ‍ॅव्हरेज'
३. एक्सेस, सॅल्व्हेज
४. बर्गलरी आणि थेफ्ट हे दोन वेगळे शब्द का?
५. पब्लिक लायबिलिटीपुढे 'एओए : एओवाय' असं लिहिलंय, ते काय?
६. सोसायटीचा विमा असताना आपला वेगळा काढायचा का?

एजंट म्हणतो, 'सगळं कव्हर आहे'. या 'सगळं'मध्ये काय काय येतं ते मला कळायला हवं.

---

मोजपट्टी

१६ आणि ८० लाखांपासून सुरुवात करू, कारण बाकीचे निम्मे शब्द तिथूनच सुटतात.

८० लाख ही फ्लॅटची बाजारातली किंमत. त्यात जमिनीचा वाटा, स्टेशन किती जवळ, बिल्डरचा नफा, सगळं आलं. आग लागली म्हणून जमीन जळत नाही. विमा उतरतो तो बांधकामाचा, म्हणजे भिंती, स्लॅब, फरशी, दारं-खिडक्या पुन्हा उभ्या करायला आज जो खर्च येईल त्याचा. ८० लाखांवर प्रीमियम भरलात तरी क्लेमच्या वेळी पुनर्बांधणीच्या खर्चापलीकडे रुपया मिळणार नाही. जास्तीचा प्रीमियम वाया.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाण पॉलिसी आली. इर्डाने (विमा क्षेत्राची नियामक संस्था) मजकूर ठरवून दिला आहे, त्यामुळे मूळ पॉलिसी कुठल्याही कंपनीची घेतली तरी शब्द तेच. (कंपन्या स्वतःची पॅकेजंही विकतात, त्यांचा मजकूर वेगळा. कोटेशन यातलं कशाचं आहे ते आधी विचारा.) त्यात बांधकामाची सम इन्शुअर्ड (जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचा विमा उतरवला ती रक्कम) अशी काढतात: कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर.

इथे एक चूक सर्रास होते. ठेकेदार दर सांगतो तो बिल्टअपवर. समजा तुमच्या भागात २,५०० रुपये चौरस फूट दर आहे. एजंटने तो थेट ६५० ने गुणला: १६,२५,०००. पण भिंतींची जाडी आणि बाल्कनी धरून बिल्टअप ७८० चौरस फूट असेल, तर खरा खर्च ७८० × २,५०० = १९,५०,०००. म्हणजे कार्पेटवर दर ३,००० धरायला हवा. सव्वातीन लाखांची ही तूट नुकसान पूर्ण झालं की तुमच्या खिशातून जाते. फॉर्ममध्ये क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये मागतात. ६५० चौरस फूट म्हणजे ६०.३९ चौरस मीटर. आणि हा २,५०० मी उदाहरणापुरता घेतला आहे, स्थानिक ठेकेदाराला किंवा आर्किटेक्टला आजचा दर विचारा.

घरातल्या सामानासाठी याच पॉलिसीत बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं कव्हर आपोआप मिळतं. १९.५ लाखांवर ३.९ लाख. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन वाढवून घ्या. दागिने, चांदीची भांडी, चित्रं या २० टक्क्यांत येत नाहीत. त्यांचा 'मौल्यवान वस्तू' हा वेगळा ऐच्छिक भाग आहे आणि तिथे आधी ठरवलेली किंमत मिळते. त्यांची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही.

आता अंडरइन्शुरन्स. समजा सामान ८ लाखांचं, विमा ४ लाखांचा, नुकसान १ लाखाचं. तुम्हाला वाटेल, १ लाख तर ४ लाखांच्या आतच आहे, पूर्ण मिळेल. अ‍ॅव्हरेजचं कलम असेल तर मिळत नाही. कंपनी म्हणते, निम्म्याच मालाचा विमा होता, म्हणून निम्मंच नुकसान आमचं: ५०,०००. उरलेल्या निम्म्याचे विमेदार तुम्हीच. भारत गृह रक्षामध्ये हे कलम लागू होत नाही, सम इन्शुअर्डच्या मर्यादेत पूर्ण रक्कम मिळते. जुन्या धर्तीच्या हाउसहोल्डर्स पॅकेजात मात्र ते असतं, आणि माणसाला त्याचा पत्ता सर्व्हेअर (नुकसान तपासून अहवाल देणारा) घरी आल्यावर लागतो.

मार्केट व्हॅल्यू म्हणजे आजची नवी किंमत वजा घसारा. रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यू म्हणजे घसारा न कापता तशाच नव्या वस्तूची किंमत. दोन पॉलिसींच्या प्रीमियममध्ये मोठा फरक दिसला की आधी हा शब्द शोधा. रिइन्स्टेटमेंट कलमाला अनेकदा एक अट जोडलेली असते: १२ महिन्यांत काम करून घ्यायचं, नाही तर हिशेब मार्केट व्हॅल्यूवर येतो.

सॅल्व्हेज म्हणजे नुकसान झालेल्या मालाची उरलेली किंमत, मग ती भंगाराची का असेना. एक्सेस म्हणजे प्रत्येक क्लेममागे तुम्ही सोसायची रक्कम. या वजावटी कोणत्या क्रमाने होतात ते एका उदाहरणात पाहा. मार्केट व्हॅल्यूची पॉलिसी, अ‍ॅव्हरेज लागू:

नव्याने घ्यायचा खर्च २,००,०००
घसारा ४० टक्के गेला: १,२०,०००
सॅल्व्हेज १०,००० गेलं: १,१०,०००
विमा खऱ्या किमतीच्या ७५ टक्केच होता: ८२,५००
एक्सेस ५,००० गेला: ७७,५००

दोन लाखांचे साडेसत्त्याहत्तर हजार झाले आणि यात कंपनीने एकही कलम मोडलेलं नाही. म्हणून प्रीमियमच्या आकड्याआधी 'बेसिस ऑफ व्हॅल्यूएशन' या मथळ्याखालचा मजकूर वाचायचा.

---

लाल_शाई

मोजपट्टींनी 'किती' सांगितलं, मी 'कशामुळे' सांगते.

घराची पॉलिसी दोन तऱ्हांची असते. एकीत कोणती संकटं धरली आहेत त्यांची यादी असते, नाव यादीत नसेल तर पैसे नाहीत. दुसरीत 'ऑल रिस्क' असं लिहिलेलं असतं, तिथे वगळलेल्यांची यादी असते. भारत गृह रक्षा पहिल्या तऱ्हेची. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ-चक्रीवादळ, पूर, जमीन खचणं, दरड, वणवा, वाहन किंवा झाड आदळणं, दंगल आणि संप, दहशतवाद, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं ही त्यातली मुख्य नावं. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्याच किनाऱ्याला धडकलं, तेव्हा तुमच्या तिकडच्या घराला वादळ आणि झाड पडणं ही दोन नावं सर्वांत महत्त्वाची. मूळ पॉलिसीत दोन्ही आहेत, त्यासाठी वेगळं अ‍ॅड-ऑन (जोडून घ्यायचं जादा कव्हर) विकत घ्यायची गरज नाही.

आता चोरी. या पॉलिसीत ती आहे, पण एका बारीक खिडकीपुरती: वरच्यापैकी एखादी घटना घडल्यानंतर ७ दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेली चोरी. पुरात भिंत पडली, लोक घर सोडून गेले आणि सामान गेलं, तर मिळेल. एरवी भर दुपारी कुलूप तोडून घर साफ केलं, तर मिळणार नाही. त्यासाठी चोरीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. 'सगळं कव्हर आहे' म्हणणाऱ्याला हा एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.

बर्गलरी म्हणजे जबरदस्तीने आत शिरून किंवा बाहेर पडून केलेली चोरी. कडी तोडली, गज कापला, दार उचकटलं, अशी खूण राहायला हवी. थेफ्ट म्हणजे नुसती चोरी: उघड्या दारातून मोबाइल गेला, किल्ली वापरून कपाट उघडलं. पॉलिसीत फक्त बर्गलरी लिहिलं असेल तर दुसऱ्या प्रकारचे पैसे नाहीत. फौजदारी कायद्यातली व्याख्या काहीही असो, पॉलिसीत लिहिलेली व्याख्याच चालते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल आहे (युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल). म्हणून पोलिसांनी घरफोडीचं कलम लावलं तरी तुटलेल्या कुलपाचा, उचकटलेल्या चौकटीचा फोटो हवाच. पंचनामा होईपर्यंत सुताराला बोलावू नका, तुटलेलं कुलूप फेकू नका.

चोरीच्या क्लेमला एफआयआरबरोबर पोलिसांचा अंतिम अहवालही मागतात. महाराष्ट्रात त्याला 'अ समरी' म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. 'ब समरी' म्हणजे तक्रार खोटी, 'क समरी' म्हणजे खरी-खोटी ठरवता न आलेली किंवा गैरसमजातून झालेली. हातात कागद मिळाला की अक्षर वाचूनच पुढे जा, कारण 'ब' असेल तर क्लेम तिथेच संपतो. अ समरीला महिने लागतात. दरम्यान एफआयआरची प्रत, पंचनामा आणि वस्तूंची बिलं कंपनीकडे देऊन पोच घ्या.

चोरीच्या विभागात फर्स्ट लॉस हा शब्दही दिसेल. ८ लाखांचं सामान चोर एका रात्रीत पूर्ण उचलून नेऊ शकत नाही, म्हणून २५ टक्के म्हणजे २ लाखांचंच कव्हर घ्यायचं, प्रीमियम कमी. पण जाहीर करताना पूर्ण ८ लाखच सांगायचे. तिथे ४ लाख सांगितलेत तर अ‍ॅव्हरेज परत मागच्या दाराने आत येतं.

वगळणुकींतल्या तीन कायम नडतात.

पहिली, हळूहळू झालेलं नुकसान. पाइप अचानक फुटला तर आहे. सहा महिने झिरपून भिंतीचं प्लास्टर फुगलं, वाळवी लागली, गंज चढला, तर नाही. सर्व्हेअर भिंतीवरच्या डागांची वलयं बघूनच ओळखतो.

दुसरी, विजेच्या उपकरणाचं स्वतःचं नुकसान. व्होल्टेज वाढून फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला तर फ्रिजचे पैसे नाहीत. त्याच फ्रिजमधून आग पसरून ओटा आणि कपाट जळालं तर त्या ओट्याचे आणि कपाटाचे आहेत. उपकरणांसाठी ब्रेकडाउनचा विभाग वेगळा घ्यावा लागतो.

तिसरी, सदोष बांधकाम आणि नव्या इमारतीच्या बसण्याने गेलेले तडे. ही बिल्डरशी भांडायची गोष्ट, विम्याची नाही.

रोख रक्कम, शेअर सर्टिफिकेटं, गाडी, सुटी रत्नं आणि सोन्याच्या लगडीही बाहेर. पार्किंगमधली गाडी पुरात बुडाली तर क्लेम मोटार पॉलिसीच्या ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग).

प्रॉक्झिमेट कॉज (नुकसानीचं मूळ कारण) हा शब्द घटनांची साखळी असली की कामाला येतो. वादळाने कौलं उडाली, पाऊस आत आला, गादी-टीव्ही भिजले. टीव्ही पाण्याने गेला, पण मूळ कारण वादळ. म्हणून मिळतं. कौलं आधीच फुटलेली होती आणि नेहमीच्या पावसात पाणी आलं, तर मूळ कारण देखभालीचा अभाव, मिळत नाही. म्हणून मे महिन्यात कौलं चाळून घेतल्यावर छपराचे तारखेसह फोटो काढून ठेवा. क्लेमच्या वेळी ते कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त बोलतात.

---

तिसरा_मजला

सहाव्या प्रश्नाबद्दल.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा विमा उतरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. मेंटेनन्समधला विम्याचा खर्च सदनिकेच्या बिल्टअप क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायचा असतो, सगळ्यांना सारखा नाही. बिल पाहा, पुष्कळ ठिकाणी चुकीचा वाटलेला असतो. तळमजल्यावरच्या दुकानातल्या मालामुळे जास्त प्रीमियम लागला तर तो फरक त्या दुकानदाराकडून घ्यायचा.

सोसायटीच्या पॉलिसीत इमारतीचा सांगाडा, जिना, लिफ्ट, टाक्या, कंपाउंड भिंत येते. तुमचं मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग, सामान येत नाही. सेक्रेटरींकडून पॉलिसीच्या शेड्यूलची (रकमा-तारखांचा तक्ता) प्रत घ्या आणि तीन गोष्टी पाहा: सम इन्शुअर्ड एकूण बिल्टअपला पुरते का, शेवटची तारीख कोणती, आणि सदनिकांचा आतला भाग धरला आहे का.

सांगाडा तिकडे पुरेशा रकमेचा आणि चालू असेल, तर तुम्ही फक्त सामानाची आणि आतल्या कामाची पॉलिसी घेऊ शकता. दोन्हीकडे सांगाड्याचा विमा असला म्हणून पैसे दुप्पट मिळत नाहीत. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही. याला इंडेम्निटी म्हणतात. दोन कंपन्या आपसांत वाटा करून देतात, तो कॉन्ट्रिब्युशन.

पण तुमचं कर्ज चालू आहे, आणि बँकेला करारानुसार सहसा घराचा विमा लागतोच. पॉलिसीवर अ‍ॅग्रीड बँक क्लॉज असेल तर क्लेमचा चेक आधी बँकेच्या नावे निघतो. सामानावर बँकेचा बोजा नाही, त्यामुळे सामान वेगळ्या पॉलिसीत ठेवलं तर त्याचे पैसे थेट तुम्हाला. कर्ज फिटलं की नो ड्यूजची प्रत देऊन बँकेचं नाव काढायचं एंडॉर्समेंट (पॉलिसीतला लेखी बदल) करून घ्या. हे विसरलं तर कर्ज फिटून गेल्यावरही चेक बँकेच्या नावे निघतो.

आणखी एक गफलत. कर्जाबरोबर 'होम लोन प्रोटेक्शन' म्हणून जे देतात तो बहुधा जीवनविमा असतो: कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज फिटतं. घराला आग लागली तर त्यातून काही मिळत नाही. नाव ऐकून घराचा विमा झाला असं समजू नका. कर्जाच्या फाइलमधलं सर्टिफिकेट काढून त्यावर कोणता धोका लिहिलाय ते आजच बघा.

---

पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. सोसायटीची पॉलिसी मागवली आहे.

आता लायबिलिटी. दोन प्रसंग डोळ्यांसमोर आहेत. आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या छताला ओल येते असं ते म्हणतात. आणि श्रीवर्धनला आमच्या आवारातला एक माड शेजाऱ्यांच्या पडवीकडे झुकलेला आहे. ही दोन्ही पब्लिक लायबिलिटीत येतात का?

---

उंबरठा

प्रॉपर्टीचा विमा तुमच्या वस्तूचं नुकसान भरतो. लायबिलिटीचा विमा तुमच्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान झालं आणि जे भरून देणं तुम्हाला कायद्याने भाग आहे, ते भरतो. 'कायद्याने भाग' हे शब्द अधोरेखित करा, सगळं तिथे अडतं. भारत गृह रक्षामध्ये ही जबाबदारी नाही. ती हाउसहोल्डर्स पॅकेजाच्या वेगळ्या विभागात किंवा अ‍ॅड-ऑनमध्ये मिळते.

माडापासून घेऊ. निरोगी झाड चक्रीवादळात पडलं, तर तुमचा निष्काळजीपणा नाही. निष्काळजीपणा नाही म्हणून कायदेशीर जबाबदारी नाही, आणि जबाबदारी नाही म्हणून तुमची लायबिलिटी पॉलिसीही पैसे देणार नाही. शेजाऱ्यांनी स्वतःच्या घराच्या पॉलिसीतून घ्यायचे. पण माड पोखरलेला आहे, शेजाऱ्यांनी लेखी सांगितलं आणि तुम्ही वर्षभर काही केलं नाही, तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. तिथे पॉलिसी उपयोगी पडते. पण धोका आधीच माहीत होता आणि विमा घेताना लपवला असं दिसलं, तर कंपनी नॉन-डिस्क्लोजरवर बोट ठेवेल. म्हणून या प्रकरणात पॉलिसीआधी माडावर चढणारा माणूस. झुकलेला माड स्थानिक परवानगी घेऊन उतरवून घ्या किंवा तारेने बांधून घ्या आणि पावती ठेवा.

ओलीचं: वर लाल_शाईंनी सांगितलंय तेच इथेही. सावकाश झिरपणं लायबिलिटीच्या विभागातही बहुधा वगळलेलं असतं. शिवाय ओल आधीपासून आहे, म्हणजे विमा सुरू होण्याआधीचं नुकसान. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सदस्याने करायची. बाहेरच्या सामायिक पाइपांची, बाह्य भिंतींची आणि गच्चीची संस्थेने. तेव्हा आधी प्लंबरकडून गळती आतल्या ट्रॅपची आहे की बाहेरच्या डाउनटेक पाइपची (वरच्या मजल्यांचं सांडपाणी खाली नेणारा) हे ठरवून घ्या. नहाणी ट्रॅप बंद करून मोरीत दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवलं आणि खाली ओल वाढली, तर वॉटरप्रूफिंग गेलंय. पाणी साठवून काही फरक पडला नाही, पण फ्लश केल्यावर किंवा वरच्या मजल्यांनी पाणी सोडल्यावर ओल वाढते, तर संशय पाइपवर. याउलट वॉशिंग मशीनचा पाइप उद्या अचानक सुटला आणि खालच्यांचं फॉल्स सीलिंग कोसळलं, तर तो लायबिलिटीचा खरा क्लेम.

आता एओए : एओवाय. एनी वन अ‍ॅक्सिडेंट आणि एनी वन इयर. '५ लाख : १० लाख' याचा अर्थ एका घटनेला जास्तीत जास्त ५ लाख, वर्षभरातल्या सगळ्या घटना मिळून १० लाख. एका सिलिंडरच्या स्फोटात तीन घरांचं नुकसान झालं तरी घटना एकच, तिघांना मिळून ५ लाखच. वकिलाचा खर्च या मर्यादेच्या आत धरतात की वेगळा देतात, तेही पाहा. आत असेल तर खटला जितका लांबेल तितके भरपाईचे पैसे कमी.

थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत. पहिला पक्ष तुम्ही, दुसरा कंपनी. तुमच्या घरात राहणारे कुटुंबीय तिऱ्हाईत नाहीत. घरकामाला येणाऱ्या मावशी ओल्या फरशीवर पडल्या, तर त्याही पब्लिक लायबिलिटीत बसत नाहीत, कारण त्या तुमच्याकडे कामाला आहेत. त्यांच्यासाठी नोकरांच्या भरपाईचा विभाग वेगळा असतो. प्रीमियम थोडा असतो आणि माझ्या मते ज्यांच्याकडे कुणी कामाला येतं त्यांनी तो घेतलाच पाहिजे. त्या बाईंचं हातावर पोट असतं, हात मोडला तर दोन महिने पगार बंद. कुत्रा चावला तर ते काही पॉलिसींत वगळलेलं असतं, कुत्रा असल्यास विचारून घ्या.

मोटारीच्या विम्यात हेच शब्द येतात, पण मर्यादा कायद्याने ठरलेल्या आहेत. थर्ड पार्टीला इजा किंवा मृत्यू झाला तर रकमेला पॉलिसीत वरची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल ती. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी खासगी कारला साडेसात लाख, दुचाकीला एक लाख. हे साडेसात लाख ६,००० वर आणून थोडा प्रीमियम वाचवायचा पर्याय असतो, तो घेऊ नका. एखादी महागडी गाडी किंवा दुकानाचं शटर ठोकलं तर ६,००० मध्ये काचही येत नाही.

लायबिलिटीत सर्वाधिक क्लेम एका गोष्टीने बिघडतात: 'चूक आमचीच, सगळं भरून देतो' असं लिहून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगून टाकणं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही, अशी अट असते. माणुसकीने विचारपूस जरूर करा, दवाखान्यात न्या, पण रकमेचं बोलू नका. शेजाऱ्याचं पत्र किंवा वकिलाची नोटीस आली की त्याच दिवशी ईमेलने कंपनीला पाठवा. उलट बाजूने सब्रोगेशन: तुमचं नुकसान दुसऱ्याने केलं आणि कंपनीने तुम्हाला पैसे दिले, की त्या माणसाकडून वसूल करायचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. आधीच त्याला 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून दिलंत तर कंपनीचा हक्क बुडतो आणि ती तुमचा क्लेम अडवू शकते.

---

मोजपट्टी

क्लेमच्या वेळचे थोडे राहिले.

कळवायचं लगेच, फोन आणि ईमेल दोन्ही, आणि क्लेम नंबर लिहून घ्यायचा. भारत गृह रक्षामध्ये क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा. इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायचा. या तारखा डायरीत मांडून ठेवा. उशिरावर व्याज असतं, बँक रेट अधिक २ टक्के.

पुरात पाणी ओसरल्यावर लोक आधी चिखल काढतात. त्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ टेप धरून फोटोत घ्या. प्रत्येक उपकरणाच्या मागच्या सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो घ्या. भिजलेलं उपकरण चालू करून बघू नका. चालू केल्यावर जळालं तर ते पुराचं नुकसान की विजेचं, हा वाद उभा राहतो. भिजलेलं सामान सर्व्हेअर येईपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली ठेवा. कुजणारं फेकावंच लागेल, पण फोटो काढून आणि ईमेलने कळवून. तलाठ्यांचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची प्रत जोडायला उपयोगी, पण तो सर्व्हेअरच्या अहवालाची जागा घेत नाही.

मलबा हटवायला क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम भारत गृह रक्षामध्ये आहे. लोक मागत नाहीत म्हणून राहून जाते. घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचं कव्हरही आहे, जास्तीत जास्त तीन वर्षं.

नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. महिन्यात समाधान झालं नाही की विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा). मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं.

---

पागोळी

शेवटचं एक. श्रीवर्धनच्या घराची ग्रामपंचायतीतली असेसमेंट (घरपट्टीची नोंद) अजून आजोबांच्या नावावर आहे. ते नाहीत. बाबा, काका आणि आत्या वारस. मी माझ्या नावावर पॉलिसी काढू शकते का?

---

लाल_शाई

एकट्या तुमच्या नावावर काढू नका. इथे इन्शुरेबल इंटरेस्ट हा शब्द येतो: ज्या वस्तूच्या नुकसानीने तुमचं आर्थिक नुकसान होतं, तिचाच विमा तुम्ही उतरवू शकता. बाबा हयात असताना त्या घरात कायद्याने हिस्सा बाबा, काका आणि आत्यांचा. पॉलिसी तुमच्या नावावर असली आणि क्लेम आला, तर पहिला प्रश्न 'तुमचा संबंध काय?' आणि तिथेच फाइल थांबते.

तिघांची नावं संयुक्त विमेदार म्हणून घाला, प्रीमियम कुणीही भरो. त्याआधी नमुना ८ वर (ग्रामपंचायतीची घरांच्या कर-आकारणीची नोंदवही) वारसनोंद करून घ्या: मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज ग्रामपंचायतीत. घर शेतजमिनीत असेल तर सातबाऱ्यावरही वारसनोंद तलाठ्यांकडे. नोंद व्हायला वेळ लागणार असेल तर प्रपोजल फॉर्ममध्ये मालकीची स्थिती आहे तशी लिहा आणि अर्जाची पोच जोडा.

त्याच फॉर्ममध्ये आणखी दोन गोष्टी न विचारता लिहा. चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे, कौलं. मागे गवताचा किंवा झापांचा मांडव असेल तर तोही, कारण तसल्या बांधकामाचा दर वेगळा पडतो. आणि घर वर्षातले किती महिने बंद असतं. चोरीच्या बऱ्याच पॉलिसींत सलग ३० दिवस घर बंद राहिलं तर कव्हर थांबतं. आधी लेखी कळवून तेवढ्यापुरतं एंडॉर्समेंट घेता येतं, थोडा जास्त प्रीमियम लागेल. एजंटने 'राहतं घर' यावर खूण करून फॉर्म भरून आणला तर सही करू नका, खोडून 'बहुतांश काळ बंद' लिहायला लावा आणि सही केलेल्या फॉर्मचा फोटो स्वतःकडे ठेवा.